मेंदू चालू शे!

१९९३ सालच्या श्रावणातली गोष्ट आहे. घरोघरचे कानबाईचे रोट नुकतेच आटोपले होते. मी त्या वेळी साक्रीच्या एका बँकेत अधिकारी होतो. बाजाराचा दिवस असल्याने काउंटरवर झुंबड होती. त्या गर्दीतून वाट काढत भाजी विकणारी एक बाई माझ्या टेबलापाशी आली. तिच्या मागे तिचा विशीतला मुलगा. त्याला सारे गाव दादू म्हणे. तो मला अनोळखी नव्हता. बसस्टँडजवळच्या चहाच्या गाडीवर तो कामाला होता आणि आमच्या शाखेतला सकाळ-दुपारचा चहा तोच आणत असे.

बाईचे म्हणणे साधे होते. गाडीवाला दादूला महिन्याच्या महिन्याला पैसे देतो. ते पैसे तिच्या नव्हे, दादूच्या नावाने बँकेत राहावेत. तिच्या माघारी ते त्याला उपयोगी पडावेत.

मी दादूकडे वळलो. ‘आज तारीख काय?’ तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. ‘शंभराच्या पाच नोटा म्हणजे किती रुपये?’ त्याने आईकडे पाहिले, मग पुन्हा माझ्याकडे. ‘सही येते का?’ तो नुसता हसला. माझा निर्णय झाला होता. तेवढ्यात बाई म्हणाली, ‘सायेब, त्याले समजस. पन येळ लागस.’ आणि तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक घडी घातलेला लांबलचक कागद काढून माझ्यापुढे उलगडला. त्यावर शाईच्या नागमोडी रेघांमागून रेघा होत्या. दादूला लहानपणी झटके येत. त्या वेळी धुळ्याच्या डॉक्टरांनी काढलेला तो मेंदूचा आलेख होता. ‘डॉक्टरनी काढेल पट्टी शे,’ ती म्हणाली. ‘दखा, मेंदू चालू शे.’

आजूबाजूचे सगळे हसले. मीही हसलो. ‘मावशी, हा कागद बँकेत चालत नाही. खाते तुमच्या नावाने काढा,’ असे सांगून मी पुढच्या माणसाला बोलावले. तिने तो कागद जुन्या घड्यांवरच नीट दुमडला आणि ती निघून गेली.

नोकरीच्या काळात मी अनेकांना ‘नाही’ म्हटले. त्यातले बहुतेक नकार विसरलो. हा मात्र विसरलो नाही. कारण ज्या कागदाला आम्ही हसलो, त्याचा अर्थ त्या अंगठेबहाद्दर बाईला आम्हा सर्वांपेक्षा अधिक कळला होता, हे पुढे हळूहळू माझ्या लक्षात येत गेले.

आठव्या दिवशी कोण पाहतो?

आधी दादूविषयी. आमच्या शाखेत चौदा टेबले होती. मॅनेजरसाहेबांचा चहा बिनसाखरेचा, कॅशियरचा अर्धा कप, माझा आले घातलेला. दादूने यात चूक केल्याचे मला आठवत नाही. आकडे त्याला येत नव्हते. पण दिलेल्या प्रत्येक कपामागे तो आगकाडी एका खिशात टाकी आणि रिकामा कप परत उचलला की ती दुसऱ्या खिशात घाली. पहिल्या खिशात काडी उरली, की कुठेतरी कप राहिला. मग तो टेबलाखाली वाकून शोधत फिरे.

एकदा दुरुस्तीसाठी शाखेतली एक भिंत पाडली आणि सगळ्या टेबलांच्या जागा बदलल्या. दुसऱ्या दिवशी दादू चहाचा ट्रे घेऊन आला आणि दालनाच्या मधोमध थिजल्यासारखा उभा राहिला. बिनसाखरेचा चहा कॅशियरकडे गेला, अर्धा कप मॅनेजरसाहेबांकडे. आम्ही पोट धरधरून हसलो. त्याचे सारे ज्ञान माणसांशी नव्हे, जागांशी बांधलेले होते आणि आम्ही जागाच हलवल्या होत्या. आठवडाभर तो चुकत राहिला. आठव्या दिवशी प्रत्येकाचा चहा प्रत्येकाच्या पुढ्यात बिनचूक आला. पहिल्या दिवशी हसायला सगळे होतो. आठव्या दिवशी मात्र कोणाच्या लक्षातही आले नाही.

बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांच्या बाबतीत आपण नेमके हेच करतो, असे मला वाटते. त्यांचा पहिला दिवस आपण मोजतो आणि आठवा दिवस मोजायला थांबत नाही.

आलेख काय सांगतो?

निवृत्तीनंतर हाती वेळ आला तेव्हा मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. मी डॉक्टर नाही. पण आकड्यांमागे काय दडले आहे ते तपासण्याची सवय बँकेने लावली होती.

तो नागमोडी रेघांचा कागद म्हणजे मेंदूतील विजेच्या सूक्ष्म लहरींची नोंद. जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूची अशी नोंद १९२९ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. झटक्यांचे निदान करायला ती फार उपयोगी पडते. बुद्धी मात्र तिच्यावरून मोजता येत नाही. तेव्हा दादूच्या आईचा पुरावा शास्त्राच्या काटेकोर भाषेत अपुराच होता. पण तिचा निष्कर्ष खोटा नव्हता.

एखादा वेगळा, अनपेक्षित आवाज कानावर पडला की सुमारे तीनशे सहस्रांश सेकंदांनी मेंदूच्या आलेखात एक ठळक लाट उमटते. ‘हे काहीतरी निराळे आहे’ असे मेंदूने ओळखल्याची ती खूण. डाउन सिंड्रोम असलेल्या अनेकांमध्ये ही लाट उशिरा उमटते, असे अभ्यासकांना आढळले. उशिरा उमटते, पण उमटते. हे वाचले तेव्हा मला ‘त्याले समजस, पन येळ लागस’ हे शब्द जसेच्या तसे ऐकू आले.

हा उशीर कशाने होतो? कारणे एक नव्हेत, शेकडो आहेत. गुणसूत्रांतील बदल, गर्भारपणातील आयोडिनची कमतरता, जन्माच्या वेळी बाळ गुदमरणे, मेंदूज्वर, डोक्याला मार. (ग्रहणात आईने विळी हाती धरली, हे त्यांतले कारण नव्हे. त्यापायी आपल्याकडे कित्येक सुनांनी आयुष्यभर बोलणी खाल्ली आहेत.) पण पेशींच्या पातळीवर काय घडते त्याची एक झलक १९७४ मध्ये मिळाली. आपल्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. बाभळीच्या फांदीवर काटे असावेत तसे त्या पेशींच्या फांद्यांवर बारीक कोंब असतात आणि दुसऱ्या पेशींकडून आलेला निरोप या कोंबांवर उतरतो. डॉमिनिक पुरपुरा या अमेरिकी शास्त्रज्ञाने तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या मेंदूतील पेशी तपासल्या. त्यांना असे दिसले की हे कोंब विरळ आहेत आणि जे आहेत ते लांबट, सडपातळ, अपुऱ्या वाढीचे आहेत. म्हणजे निरोप धाडणारा आहे, घेणाराही आहे, पण उतरायची जागा थोडी आहे.

मग असा मेंदू सुस्त पडून असतो का? आपला तसाच समज असतो. ‘डोके चालत नाही’ असे आपण सहज म्हणतो. रिचर्ड हायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये या समजाला धक्का देणारी गोष्ट नोंदवली. डाउन सिंड्रोम किंवा सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या काही जणांचा मेंदू किती साखर जाळतो, हे त्यांनी मोजले. ती इतरांपेक्षा कमी असेल असे कोणालाही वाटेल. पण ती जास्त निघाली. तपासलेली माणसे थोडीच होती, त्यामुळे या एका अभ्यासावर फार मोठा इमला उभारू नये. तरीही तो विचार करायला लावतो. चढाच्या रस्त्याला लागलेला बैल सपाटीवरच्या बैलापेक्षा कमी अंतर कापतो, म्हणून त्याला आळशी म्हणायचे का? चौदा टेबलांमध्ये ट्रे धरून उभ्या असलेल्या दादूच्या कपाळावर घाम होता. तो मी त्या दिवशी पाहिला होता. त्याचा अर्थ कळायला पंचवीस वर्षे लागली.

एक आकडा आणि बाकीचा माणूस

आमच्या बँकेत कर्जदाराची पत एका आकड्यात मांडण्याची पद्धत पुढे आली. माणसाच्या बुद्धीच्या बाबतीत ती शतकभर जुनी आहे. पॅरिसच्या आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पहिली चाचणी तयार केली. शाळेत कोणत्या मुलांना जादा मदत हवी, ते शोधणे हा तिचा हेतू होता. बुद्धी ही कायमची ठरलेली रक्कम नाही, शिक्षणाने तिच्यात भर पडते, असे बिने स्वतः आग्रहाने सांगत. पुढे तिचा ‘बुद्ध्यंक’ झाला. आपल्याकडे धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी या चाचणीचे मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतर केले. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९४० मध्ये निघाले. नागपूरला डॉ. मालिन यांनी १९६९ मध्ये भारतीय मुलांसाठी आणखी एक मापन सिद्ध केले. अपंगत्वाचे प्रमाणपत्र देताना अशाच चाचण्यांचा आधार घेतला जातो. ही मोठी कामे आहेत, त्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. मदत मिळवायची तर मोजावे लागतेच.

पण त्या आकड्याने काय सांगितले नाही, तेही पाहावे. सुमारे ७० च्या खाली बुद्ध्यंक आणि रोजच्या व्यवहारात अडचण, या दोन्ही गोष्टी असल्या तरच बौद्धिक अक्षमता म्हणतात. यातल्या बहुसंख्य व्यक्तींची अक्षमता सौम्य असते. शिवाय हा आकडा सरासरीचा असतो आणि सरासरीत खड्डे-उंचवटे बुजून जातात. डाउन सिंड्रोम असलेल्या पुष्कळ मुलांना ऐकलेले लक्षात ठेवणे जड जाते, तर पाहिलेले आणि कुठे पाहिले ते त्यामानाने चांगले लक्षात राहते. त्यांना बोलता येते त्यापेक्षा समजते अधिक. विल्यम्स सिंड्रोममध्ये याच्या जवळजवळ उलटे. सातव्या गुणसूत्राचा एक बारीक तुकडा गळाल्याने तो होतो, हे १९९३ मध्येच कळले. अशी मुले गप्पांत रंगतात, गाण्यावर जीव टाकतात, हत्तीचे वर्णन झोकात करतात. पण हत्तीचे चित्र काढायला सांगितले की सोंड एकीकडे आणि पाय दुसरीकडे. दोघांचा बुद्ध्यंक एकच आला, तरी दोघांना एकाच पद्धतीने शिकवणे म्हणजे दोघांनाही नापास करणे.

यात भाषेचीही भर घाला. ज्याच्या घरात अहिराणीखेरीज दुसरा शब्द नाही, त्याला एक पँटवाला साहेब छापील मराठीत तारीख विचारतो. तो गप्प राहतो. माझ्या परीक्षेत दादू नापास झाला, असे मी धरून चाललो. त्या परीक्षेत नापास कोण झाले, हा प्रश्न मला पुढे पडला.

आणि तो माझ्या तोंडाकडे का पाहत होता, त्याचाही उलगडा वाचनात झाला. एडवर्ड झिग्लर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने अशा मुलांचा फार वर्षे अभ्यास केला. वारंवार अपयश पदरी आलेले मूल आपल्या उत्तरावर विश्वास ठेवायचे सोडून देते, असे त्यांना दिसले. मग ते प्रश्नाकडे न पाहता विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहते. बरोबर काय, चूक काय, याची खूण तिथे शोधते. दादूने माझ्या चेहऱ्यावर काय वाचले असेल, ते मला आज चांगलेच ठाऊक आहे.

शिकवणाऱ्यांची गोष्ट

अमेरिकेत मार्क गोल्ड नावाचे एक शिक्षक होऊन गेले. ज्यांना काहीच येणार नाही असे सर्वांनी ठरवले होते, अशा तरुणांना त्यांनी १९७० च्या दशकात सायकलचे ब्रेक जोडायला शिकवले. डझनाहून अधिक सुटे भाग एकापुढे एक मांडायचे, लांबण लावून बोलायचे नाही, एक भाग बसला की पुढचा. चुकले तर ‘चूक’ म्हणायचे नाही, ‘दुसऱ्या तऱ्हेने करून पाहा’ म्हणायचे. तरुण शिकले. शिकणाऱ्याला येत नसेल तर शिकवण्याची रीत बदला, हे गोल्ड यांचे सांगणे होते.

आपल्या महाराष्ट्रात हे सांगणारी माणसे त्याच्याही आधीपासून होती. मुंबईच्या वकील दांपत्याने डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी १९४४ मध्ये राहत्या घरी शाळा सुरू केली. तीच आजची ‘जय वकील’ संस्था. पुण्यात १९६४ मध्ये ‘कामायनी’ उभी राहिली. नाशिकला रजनीताई लिमये यांनी आपल्या मुलाच्या निमित्ताने १९७७ मध्ये ‘प्रबोधिनी’ची शाळा काढली आणि ती शेकडो मुलांची झाली. घरचे दुःख घरात कोंडून न ठेवता त्याची शाळा करणाऱ्या या आया. नाशिक आम्हाला जवळचे, पण साक्रीच्या भाजीवालीला तेही लांब होते.

मी स्वतः लेखक म्हणवतो, त्यामुळे एक कबुली द्यायला हवी. माझ्या पहिल्या कादंबरीत गावचा एक ‘येडा’ आहे. तो दोनदा येतो आणि दोन्ही वेळा वाचकांना हसवून जातो. १९९१ साली ‘चौकट राजा’ चित्रपटात दिलीप प्रभावळकरांचा नंदू पाहून मी धुळ्याच्या थेटरात डोळे पुसले होते. दोनच वर्षांनी माझ्या टेबलापुढे तसाच एक तरुण उभा राहिला आणि मी हसलो. पडद्यावरच्या माणसासाठी रडणे सोपे असते. त्याला खाते उघडून द्यायचे नसते.

कायद्याने काय विचारले होते?

मी नियमाप्रमाणे वागलो, असे मी स्वतःला बरीच वर्षे सांगत आलो. १८७२ च्या करार कायद्याचे बारावे कलम मला पाठ होते. करार करणाऱ्याला तो समजला पाहिजे आणि आपल्या हितावर त्याचा काय परिणाम होईल, ते ठरवता आले पाहिजे. पुन्हा वाचताना लक्षात आले, ते किती वेळात समजले पाहिजे याविषयी कलमात एक अक्षर नाही. तारीख आली पाहिजे असेही नाही. हे पैसे तुझे, ते इथे ठेवायचे, मागशील तेव्हा मिळतील, एवढे त्याला कळते का, हा खरा प्रश्न होता आणि तो मी विचारलाच नव्हता. मी त्याला समज नाही असे ठरवले, पण समज आहे की नाही याची चौकशी केली नाही.

तेव्हापासून कायदा बराच पुढे आला आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने अठरा वर्षांवरील अशा व्यक्तींसाठी पालक नेमण्याची सोय केली. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. मूल अठरा वर्षांचे झाले की आईबाप कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, हे पुष्कळ घरांना ठाऊकच नसते. या पालकत्वाच्या प्रमाणपत्रावर खाते उघडता येते, असे रिझर्व्ह बँकेने २००७ मध्ये बँकांना कळवले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्याहून मोठी गोष्ट सांगितली. मालमत्ता बाळगण्याचा आणि आपले आर्थिक व्यवहार पाहण्याचा हक्क दिव्यांग व्यक्तीला इतरांसारखाच आहे. जिथे एकट्याने निर्णय जमत नाही, तिथे पालकाने परस्पर ठरवून टाकायचे नाही, तर दोघांनी मिळून ठरवायचे. मेंदूच्या शास्त्राने जे सांगितले तेच हे. ‘समजते की नाही’ एवढेच विचारू नका. ‘काय केले तर समजेल’ तेही विचारा.

इथे एक इशारा स्वतःलाच देतो. प्रत्येक मुलात लपलेला चमत्कार असतो, असे मला म्हणायचे नाही. तसे सांगणारे लोक आईबापांना आणखी एका परीक्षेला बसवतात. काही मुलांना जन्मभर भरवावे लागते, कूस बदलून द्यावी लागते. त्यांच्या आया थकलेल्या असतात. त्यांना उपदेश नको असतो, दोन तास कोणीतरी सांभाळायला हवे असते. २०११ च्या जनगणनेत देशात अशा सुमारे १५ लाख व्यक्तींची नोंद झाली. नोंद न झालेल्या किती, ते घरोघरच्या मागच्या खोल्यांना ठाऊक. दादू चहा बिनचूक देत होता म्हणून त्याला मान द्यायचा, असे नव्हे. तो देत नसता तरी त्याची आई खरे तेच बोलत होती.

ती २०१२ साली गेली. मोठ्या भावाने हेलपाटे घालून पालकत्वाचे प्रमाणपत्र मिळवले आणि दादूच्या नावाचे खाते निघाले. मी निवृत्त होऊन साक्रीला परतलो, त्यानंतर एकदा बँकेत गेलो असता तो रांगेत माझ्या पुढे होता. डोक्याचे केस पांढरे झालेले. स्लिपवर भावाची सही होती, पैसे घ्यायला मात्र दोघे काउंटरशी उभे होते. कॅशियर मुलीने शंभराच्या पाच नोटा पुढे सरकवल्या. दादूने एक नोट काउंटरवर ठेवली आणि खिशातून एक आगकाडी काढून तिच्यावर ठेवली. मग दुसरी नोट, दुसरी काडी. तिसऱ्या नोटेला तो अडखळला आणि त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. माझ्या मागे कोणीतरी चुळबुळ केली. त्या मुलीने मान वर करून फक्त म्हटले, ‘मोजा काका, सावकाश.’

पाच नोटांवर पाच काड्या झाल्या. दादूने मुलीच्या तोंडाकडे पाहिले नाही. भावाकडेही पाहिले नाही. नोटा खिशात घातल्या, काड्या दुसऱ्या खिशात घातल्या आणि तो चालू लागला.

सवयीने मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. चार मिनिटे झाली होती. १९९३ साली मी त्याला दीड मिनिटही दिले नव्हते.